वसतिगृहवासी विद्यार्थ्यांचा मानसिक ताण : प्रश्नपरीक्षा व उपक्रम

सत्र परीक्षांचे वेळापत्रक लागले की पुण्यातील आयुर्वेदीय औषधी दुकानांत ब्राह्मी, शंखपुष्पी व अश्वगंधा यांच्या कल्पांची विचारणा वाढते, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. विचारणा करणारा बहुधा विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणारा असतो. वाचलेले लक्षात राहत नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडते, या त्याच्या नेहमीच्या तक्रारी. या तक्रारींचा हेतू प्रथम वसतिगृहाच्या खोलीत शोधावा व द्रव्याचा विचार नंतर करावा, असे आमचे मत आहे.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी पहिल्या दोहोंवर वसतिगृहातील विद्यार्थ्याची सत्ता फारच थोडी चालते. मेसची वेळ ठरलेली. ती चुकली की टपरीवरचा चहा, वडापाव किंवा खोलीत शिजवलेली मॅगी. रविवारी दुपारी ‘फीस्ट’चे गुरू भोजन आणि संध्याकाळी मेसला सुट्टी. दोघांच्या खोलीत अनेकदा तिसरा, बिगरनोंदणीचा रहिवासी असतो. पुण्यातील वसतिगृहांच्या बोलीत त्याला ‘पॅरासाइट’ म्हणतात. एकाचा दिवा विझतो तेव्हा दुसऱ्याचा मोबाइल उजळतो. म्हणून प्रश्नपरीक्षेत ‘झोप किती?’ एवढे विचारून भागत नाही. खोलीत किती जण, दिवा कोण मालवतो, शेवटचा चहा किती वाजता, दुपारी झोप होते का, हे विचारावे. उत्तरे ऐकताना निदान अर्धे होऊन जाते.

यांतील दुपारच्या झोपेकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. अभ्यासिकेत रात्र जागून काढलेला विद्यार्थी सकाळचे तास कसेबसे उरकतो, दुपारी मेसमध्ये पोटभर जेवतो आणि दोनपासून पाचपर्यंत झोपतो. रात्रिजागरणाने रूक्षता व वातप्रकोप, तर भोजनोत्तर दिवास्वापाने कफपित्तप्रकोप; शिवाय रात्री झोप येत नाही ती नाहीच. हे चक्र आठ-दहा दिवस चालले की अग्निमांद्य, शिरोगौरव आणि चिडचिड ही लक्षणे दिसू लागतात व विद्यार्थी त्यांनाच ‘टेन्शन’ म्हणतो. वाग्भटांनी यावर सोपा मार्ग सांगून ठेवला आहे : जागरण जितके झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे. चार तास जागरण झाले तर दोन तास. हा नियम विद्यार्थ्याला पटतो, कारण त्यात हिशेब आहे. दुपारी डोळे मिटू लागलेच तर बसल्या बसल्या डुलकी घ्यावी; चरकांनी ती रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही असे म्हटले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. रात्री एकला झोपणाऱ्या मुलास ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याची उरलीसुरली झोप काढून घेणे होय. आधी झोपण्याची वेळ मागे आणावी. उठण्याची वेळ आपोआप सरकते.

उपक्रम निवडताना खोलीतील साधनांचा विचार हवा. शिरोधारेचे सात दिवस सुखद असतात हे खरे, परंतु आठव्या रात्री तो त्याच कॉटवर परततो. त्यापेक्षा पादाभ्यंग आम्हांस अधिक उपयुक्त वाटतो. झोपण्यापूर्वी एक चमचा कोमट तिळतेल तळपायांना चोळावे, पुसून घ्यावे व जुने सुती मोजे घालावेत. मोजे सांगावयास विसरू नये. चादर तेलकट झाली की उपक्रम तिसऱ्या दिवशी बंद पडतो. भ्रामरी गुणकारी असली तरी शेजाऱ्याची झोप मोडते. तेथे अनुलोम-विलोम किंवा पडल्या पडल्या शवासन बरे. निद्रानाशावरील उपायांत चरकांनी मनास सुखावणारे गंध व शब्द यांचाही समावेश केला आहे, तेव्हा मंद आवाजातील संगीत शास्त्रबाह्य नाही. घरून आणलेले तूप मेसच्या भातावर घ्यावे. रात्री जेवणानंतर शतपावली करावी, आणि ती मोबाइल खोलीत ठेवून. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार चारशे एकरांहून मोठे व वृक्षाच्छादित आहे; तेथे राहून ज्यांनी महिनाभरात एकही फेरी मारलेली नाही, असे विद्यार्थी अनेक भेटतात.

सत्त्वावजय हा मोठा शब्द ऐकून आपण कधी कधी बिचकतो. प्रत्यक्षात दहा मिनिटे न टोकता ऐकणे, ही त्याची सुरुवात आहे. राहिलेले विषय, शैक्षणिक कर्ज, घरच्यांच्या अपेक्षा, खोलीतील अबोला यांपैकी काहीतरी बाहेर येतेच. एकट्याने जेवणाऱ्यास रोज एक जेवण कोणासोबत तरी घेण्यास सांगावे.

परंतु विषाद दोन आठवड्यांहून अधिक टिकला, मेस व तास दोन्ही सुटले, निरोपाची भाषा येऊ लागली, तर हा केवळ परीक्षेचा ताण समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2021 मध्ये देशात 13,089 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली; त्यांतील 1,834 महाराष्ट्रातील होते. जीव द्यावा असे मनात येते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट रुग्ण मोकळा होतो. उत्तर होकारार्थी असल्यास त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचवावे व सोबतीस कोणी असेल याची खात्री करावी. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. मानसरोगावरील आधुनिक औषधे चालू असल्यास ती आपल्या सल्ल्याने बंद करू नयेत.

औषधी दुकानदारांस विनंती अशी की, ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी’ मागणाऱ्या विद्यार्थ्यास सर्पगंधायुक्त कल्प चिठ्ठीशिवाय देऊ नये. सर्पगंधेतील रिसर्पिनने रक्तदाब उतरतो, आणि खिन्न रुग्णात खिन्नता वाढल्याच्या नोंदी आहेत. अशा अनेक कल्पांत पारसीक यवानी किंवा भांगही असते. ही द्रव्ये अनुसूची ई(1)मधील असून त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी, आणि तोच विद्यार्थी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा आला तर बाटलीऐवजी जवळच्या वैद्याचा पत्ता द्यावा.