उलट्या बाजूने उघडणारी पुस्तके

चि. बाळ,

परवा तुझ्या आईकडून जी हकीकत ऐकली, तिने मन थाऱ्यावर राहिले नाही, म्हणून तुझी परीक्षा तोंडावर आली असताही हे पत्र लिहीत आहे. तू दोन विषयांत नापास झालास, खानावळीचे पैसे पुस्तकांत घातलेस आणि रात्ररात्र दिवा जाळून जपानी चित्रकथा वाचीत बसतोस, असे तिच्या कानांवर आले. नापास झाल्याबद्दल तू माझी बोलणी खाण्यास पात्र आहेस, आणि आईने काटकसरीने पाठवलेला पैसा असा वळवावा हे तर मला मुळीच रुचले नाही. परंतु तू रात्री जेवत नाहीस आणि कोणाशी बोलत नाहीस, हे तिने सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून सांगितले, ते मला आतून पोखरीत आहे.

मामलेदार कचेरीत आयुष्य गेलेला मी. फिर्याद आली म्हणजे कागद पाहिल्यावाचून मत द्यायचे नाही, हे अंगवळणी पडलेले. उन्हाळ्यात तू माळ्यावर ठेवून गेलेले खोके उतरवून घेतले आणि भिंग घेऊन बसलो. बसलो तो तुझ्याविरुद्ध पुरावा शोधण्यासाठी, हे कबूल करतो. पुस्तक उजवीकडून उघडायचे, चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या, याची डोळ्यांना सवय होण्यास दोन दिवस लागले.

प्रथम हाती आले ते केइजी नाकाझावांचे ‘बेअरफूट गेन’. त्यातले वासलेले जबडे, बापाच्या थपडा, मुलांचा आरडाओरडा पाहून मुलांच्या साप्ताहिकातली एक भडक गोष्ट म्हणून मी ते बाजूला ठेवणार होतो. आणि मग ६ ऑगस्ट १९४५ ची, अणुबॉम्बची सकाळ आली. शाळेच्या भिंतीच्या आडोशाने वाचलेला तो सहा वर्षांचा हिरोशिमाचा मुलगा म्हणजे स्वतः लेखकच. कोसळलेल्या घराखाली त्याचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले, आणि त्याच दिवशी त्याची आई प्रसूत झाली. पुढे १९६६ साली ती आई वारली, तेव्हा दहनानंतर वेचण्यासारखी अस्थीही उरली नव्हती. त्या संतापातून तो अणुबॉम्बच्या विषयाकडे वळला आणि १९७३ साली ‘गेन’ सुरू झाले. तुझ्या आजीच्या अस्थी कृष्णेत सोडताना तू माझे बोट धरून उभा होतास. ती मूठभर राखही किती आधार देते, हे मला ते वाचून उमगले.

आणि असे पुस्तक तू मध्यरात्री, उपाशीपोटी, एकट्याने वाचतोस? मी दिवसाउजेडी वाचले, तरी उठून अंगणात जाऊन आलो. ते वाचून मिटल्यावर तू कोणाशी बोललास, एवढेच मला विचारायचे आहे.

मिझुकींचे युद्धाचे पुस्तकही पाहिले. युद्धात राबाउलला डावा हात गमावलेल्या त्या माणसाने शिपायांचे चेहरे चार रेघांत संपवले आहेत आणि रान मात्र पानापानाने रेखले आहे, जणू माणसे जाणार, ते रान तेवढे राहणार.

परंतु मला अडकवले ते जिरो तानिगुचींच्या ‘अ डिस्टंट नेबरहूड’ने. अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ चुकीच्या गाडीत बसून कुरायोशी या आपल्या जन्मगावी पोहोचतो, आईच्या थडग्यापाशी त्याची शुद्ध हरपते आणि जागा होतो तो चौदा वर्षांचा होऊन. वडील याच उन्हाळ्यात घर सोडून जाणार हे त्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही त्याला त्यांना अडवता येत नाही.

तुझा बाबाही एकदा असाच चौदा वर्षांचा होता. आमचे वडील नुकतेच वारलेले, घरची मुखत्यारी माझ्याकडे आलेली, आणि तो जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पाठीवर चित्रे काढी: वाईचा घाट, डुंबणाऱ्या म्हशी, चुलीपुढची आमची आई. गणितात त्याला कमी गुण पडले तेव्हा ती वही मी पाणी तापवायच्या बंबात घातली. तो रडला नाही. त्यानंतर त्याला पेन्सिल हाती धरून काही रेखाटताना मी पाहिलेले नाही. तू कधी पाहिलेस का? त्या गोष्टीतल्या माणसाला वडिलांना अडवायचे होते. मला नुसता हात मागे घ्यायचा होता. हे मी त्याच्यापाशी आजवर बोललेलो नाही.

म्हणून तुझ्या खोक्याला मी धक्का लावणार नाही. पुस्तके पुसून, क्रमाने लावून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली आहेत. ‘गेन’चे चारच खंड त्यात निघाले आणि पुढे त्या मुलाचे काय झाले याची मला चुटपुट लागली आहे. दिवाळीला येताना उरलेले आण. ओसरीवर बसून दोघे वाचू, आणि जमले तर तुझ्या बाबालाही शेजारी बसवू.

मनीऑर्डर वेगळी करीत आहे. ती खानावळीची आहे. पुस्तकांना लागतील ते मला कळव, आईला कळवू नकोस. तिला रविवारी फोन कर, आणि त्या वेळी काय जेवलास ते तिने विचारण्याआधी सांग. खोकला गेला का? रात्री जेवत जा, बाळ.

तुझा,
थोरला काका