उजवे आणि डावे

भूमितीतील सममित आकृती मध्यरेषेवर दुमडली की तिचे दोन्ही अर्धे तंतोतंत जुळतात. मनुष्यदेह मात्र इतका काटेकोर नाही. हृदयाचा कल डावीकडे असतो. उजव्या फुप्फुसाचे खंड तीन, तर डाव्याचे दोन. उजवे मूत्रपिंड बहुधा डाव्याहून किंचित खाली असते, कारण त्याच्यावर यकृताने जागा व्यापलेली असते. हे सारे आपण पाठ्यपुस्तकातून निःशंकपणे शिकतो. परंतु स्त्रीचे दोन्ही स्तनही क्वचितच अगदी सारखे असतात, ही साधी गोष्ट मुलींना सहसा कोणी सांगत नाही. आणि म्हणून कित्येकजणी मनातल्या मनात झुरत राहतात.

ही वाढ बहुधा ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होते. प्रथम स्तनाग्राखाली एक लहानशी, हुळहुळी गाठ जाणवते. बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तावाटे दोन्हीकडे पोहोचते खरे. पण दोन्ही बाजू त्याला एकाच वेळी व एकाच वेगाने प्रतिसाद देतात असे नाही. त्यामुळे एका बाजूची वाढ आधी आणि दुसरीची काही महिन्यांनी, असे सहज घडते. दुग्धग्रंथी, नलिका, तंतू आणि मेद यांचे प्रमाणही दोन्हीकडे थोडे वेगळे असते. वाढ पुरी होईतो हा फरक पुष्कळदा कमी होतो, आणि थोडासा जन्मभर राहतो. तो रोग नव्हे व व्यंगही नव्हे. मुलग्यांनाही वयात येताना अशी गाठ, कधी एकाच बाजूस, येते व बहुधा एकदोन वर्षांत विरते.

मात्र प्रौढ स्त्रीला पूर्वी नसलेला फरक नव्याने दिसू लागला, गाठ हाताला लागली, कातडी आत ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. वाढत्या मुलीतील फरक फार मोठा असेल, किंवा एका बाजूची वाढ होतच नसेल, तरीही त्यांचा सल्ला घ्यावा.

लाजेपायी मौन पाळल्याने निरोगी मुलीची भीती वाढते आणि आजारी स्त्रीचा मोलाचा वेळ जातो. म्हणून मुलींनी आपली शंका आईजवळ, ताईजवळ वा शिक्षिकांजवळ मोकळेपणे बोलावी. आणि आपण वडीलधाऱ्यांनी ती न हसता, न रागावता ऐकून घ्यावी.