तळहाताएवढे इंजिन

आपल्या विद्यालयाच्या विज्ञानकक्षात, काचेच्या कपाटात, पितळेचे एक छोटे इंजिन ठेवलेले आहे. वसतिगृहातील नववीच्या मुलांनी ते तयार केले. पाहुणे ते पाहतात, कौतुक करतात आणि पुढे जातात. त्याच्या शेजारी पत्र्याच्या डबीत पाच बिघडलेले पिस्टन आहेत. त्यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मी इतिहासाचा शिक्षक. लेथ चालवणे मला येत नाही. तरीही स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्या डबीवरच लिहावे असे वाटले.

वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची कल्पना जेम्स वॅटला १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले, एवढे आपण वर्गात शिकवतो. त्यानंतर कित्येक वर्षे त्याचे मोठे इंजिन समाधानकारक का चालले नाही, हे मात्र शिकवत नाही. कल्पनेत खोट नव्हती. सिलिंडर पुरेसा गोल नव्हता. पिस्टनच्या कडेने वाफ निसटून जाई. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सनने तोफेची नळी अचूक कोरण्याची रीत शोधली आणि त्याच धर्तीवर सिलिंडर कोरून दिला, तेव्हा अडचण सुटली. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, याचा वॅटच्या भागीदाराला केवढा आनंद झाला होता! विचाराला हाताची वाट पाहावी लागली, असा हा प्रसंग आहे.

मुलांच्या इंजिनाचा सिलिंडर अवघा १० मिलिमीटर व्यासाचा. रचना अगदी साधी: सिलिंडरच एका खिळीवर डुलतो आणि डुलताना त्याच्या बाजूचे छिद्र आळीपाळीने हवा आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटेसमोर येते. वेगळी झडप लागत नाही. क्रँकची खीळ मध्यापासून ८ मिलिमीटरवर, म्हणून पिस्टनची धाव १६ मिलिमीटर. कागदावर हे सारे एका तासिकेत समजते.

मोहोळमधील एका लेथच्या दुकानात, रविवारी, मिस्त्रीकाकांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. पितळेचा ठोकळा चार जबड्यांच्या चकमध्ये बांधून आधी ९.८ मिलिमीटरचे ड्रिल घातले, मग १० मिलिमीटरचा रीमर सावकाश फिरवला. केवळ ड्रिलने पाडलेले भोक नेमके गोल व गुळगुळीत नसते. ते काम रीमर करतो. पिस्टन त्याहून सुमारे ०.०२ मिलिमीटर बारीक हवा. आपल्या डोक्याचा केसही याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. पिस्टन घट्ट झाला तर अडकतो, सैल झाला तर हवा पळते.

पहिला पिस्टन मुलांनी मायक्रोमीटरने मापला, तो अगदी बरोबर भरला. टाळ्या पडल्या. चहा पिऊन येईपर्यंत तोच पिस्टन सैल झाला होता! मिस्त्रीकाका एवढेच म्हणाले, "पोरांनो, गरम जॉब मापायचा नसतो." पितळेची १० मिलिमीटरची कांडी ५० अंशांनी तापली तर जवळजवळ ०.०१ मिलिमीटरने फुगते. प्रसरणाचा धडा मुलांना तोंडपाठ होता, परीक्षेत त्यावर पूर्ण गुणही मिळाले होते. डबीतील पहिला पिस्टन तो. दुसरा टूल बोथट झाल्याने ओरखडला, तिसऱ्याला घाईत पॉलिश पेपर जास्त लागला. उरलेल्या दोघांची कथा याहून वेगळी नाही.

इथे इतिहासाच्या शिक्षकाने थोडे बोलले पाहिजे. यंत्र आणि आपला समाज यांच्यामध्ये पूर्वी एक भिंत उभी होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. अधिक मजुरीचे काम अशा रीतीने बंद झाले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ऑक्टोबर १९४२ मध्ये, मजूरमंत्री असताना, त्यांनी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्याच, शिवाय सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असेही सुचवले. पदवी आणि पाना, दोन्ही त्यांनी एकाच कागदावर मागितले होते.

रेल्वेचा कारखाना म्हणजे आपल्याला दूरची गोष्ट नव्हे. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. तिची पहिली इंजिने लीड्सला घडली होती. पुढे ती गाडी पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कुर्डुवाडीच्या कारखान्याने कित्येक घरांना कौशल्य आणि भाकर दिली.

माझ्या वडिलांनी मात्र माझ्या हाती कधी पाना येऊ दिला नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. जन्माने लादलेल्या हातकामात ज्यांच्या पिढ्या झिजल्या, त्यांना मुलाच्या हाती लेखणीच हवी होती. पण मनाने निवडलेले काम आणि लादलेले काम यांतील भेद आम्ही शिकलेल्यांनी पुढच्या पिढीला नीट सांगितला नाही, ही आमची उणीव आहे. आजही तंत्रनिकेतन किंवा आयटीआयचे नाव काढताच काही पालकांचे चेहरे उतरतात.

सहावा पिस्टन जमला. सिलिंडरचे तोंड अंगठ्याने बंद करून पिस्टन ओढला आणि सोडला की तो आपोआप आत परतला. बॉयलर करायचा नाही असे आधीच ठरले होते; फुटलेला बॉयलर जीव घेतो. सायकलच्या पंपाने हवा दिली. इंजिन दोन फेरे फिरून थांबले.

त्या रविवारी एक पालक मुलाला भेटायला आले होते. ते शेतावरची पाण्याची इंजिने दुरुस्त करतात; शाळा चौथीपर्यंत. त्यांनी कान जवळ नेला आणि म्हणाले, "गुरुजी, पिस्टनमधून नाही, मागच्या बैठकीतून हवा जातेय." मुलांनी सिलिंडर उतरवला. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्याची सपाट बाजू इंग्रजी आठच्या आकारात घासली, रॉकेलने धुतली, तेलाचे बोट लावून पुन्हा बसवली. या वेळी फ्लायव्हील फिरतच राहिले. पंप मारणारा मुलगा दमला, तेव्हा त्या पालकांनी पंप आपल्या हाती घेतला.