पाणी परत जातं, वाळू जात नाही!

भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचं असतं, हे आपण सगळेच शिकलोय. जेवढं पाणी येतं तेवढंच परत जातं. मग त्या पाण्याबरोबर आलेली वाळूसुद्धा सगळी परत जायला हवी ना? पण तसं होत नाही! फ्लुइड मेकॅनिक्सचं नाव काढताच पान उलटू नका, गणित अगदी छोटं आहे.

समजा, एका ठिकाणी भरतीचा प्रवाह सेकंदाला १ मीटर वेगाने ५.५ तास वाहतो. ओहोटीचा प्रवाह मंद, ०.८ मीटर, पण तो ६.९ तास टिकतो. वेग गुणिले वेळ केलं तर एकीकडे ५.५ आणि दुसरीकडे ५.५२. म्हणजे पाण्याचा हिशोब जुळला.

आता वाळू. वेग सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर मध्यम जाडीची वाळू जागची हलत नाही. वेग त्याच्या बराच वर गेला की वाळू वाहून नेण्याची क्षमता ढोबळमानाने वेगाच्या घनाने, म्हणजे क्यूबने वाढते. ०.८ चा घन ०.५१२. त्याला ६.९ ने गुणलं की ३.५३. भरतीचे मात्र ५.५ च! थोडक्यात, भरतीने १०० पोती वाळू पुढे नेली, तर ओहोटी फक्त ६४ परत आणते. याच कारणाने उधाणाला प्रवाहाचा वेग भांगाच्या दुप्पट असेल, तर वाळू सुमारे आठपट हलते.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेला, नॉर्फोकच्या किनाऱ्यासमोर, उत्तर समुद्राच्या तळावर असलेले वाळूचे लांबलचक बांध. काही बांध ५० किलोमीटरपर्यंत लांब आणि ३० मीटरहून उंच आहेत. गंमत म्हणजे ते प्रवाहाला अगदी समांतर नसतात, किंचित तिरके असतात. त्यामुळे पाणी बांधावर तिरपं चढतं. वरच्या उथळ भागात तळाच्या घर्षणाने त्याचा वेग कमी होतो. चढताना वेग जास्त, उतरताना कमी. मग चढताना उचललेली वाळू सगळीच्या सगळी पलीकडे उतरत नाही, माथ्याजवळ पडते. ओहोटीला हेच दुसऱ्या बाजूने घडतं. बांधाच्या एका कुशीवर भरतीचा वरचष्मा, दुसऱ्या कुशीवर ओहोटीचा. म्हणून वाळू बांधाभोवती प्रदक्षिणा घालत राहते आणि बांध टिकून राहतो. जॉन हुथनन्स यांनी १९८२ मध्ये ही प्रक्रिया समीकरणांतून मांडली. मग बांध वाढत वाढत पाण्याबाहेर का येत नाही? कारण माथा उथळ झाला की लाटा तिथली वाळू उडवतात, आणि उतारावरून खाली घसरणं वाळूला केव्हाही सोपंच.

हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं समजू नका. १६ मार्च १८०१ रोजी ब्रिटिश नौदलाचं 'इन्व्हिन्सिबल' जहाज याच भागातल्या हॅमंड नॉल या बांधावर रुतलं आणि सुमारे ४०० माणसं गेली. आज जहाजांकडे सोनार आहे, पण वाळू थांबलेली नाही. ग्रेट यार्मथसमोरच्या स्क्रोबी सँड्सवर २००४ मध्ये ३० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. अशा प्रत्येक खांबाभोवती प्रवाह गिरकी घेतो, वेग वाढतो आणि पुन्हा तोच घन! खांबाच्या पायाशी वाळू उकरली जाऊन खळगा पडतो, म्हणून तिथे दगड टाकावे लागतात. तळाखाली पुरलेली केबल किंवा गॅसची पाइपलाइनही वाळू सरकली की उघडी पडू शकते.

तेव्हा उद्या साइटवर कुणी 'सरासरी प्रवाह शून्य आहे, काळजी नको' असं म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा, 'सर, सरासरी वेगाची की वेगाच्या घनाची?' आणि समुद्रतळाचा नकाशा हातात आला की आधी त्यावरची सर्व्हेची तारीख बघा. पाण्याखालची जमीन आपल्या ड्रॉइंगसाठी थांबत नाही.