तक्तपोशीच्या फळ्या आणि लांकडाचा ओलावा

माडीवर धान्य ठेवण्याकरितां तक्तपोशी करविणारे शेतकरी सुताराच्या कसबाकडे लक्ष देतात, परंतु लांकडाच्या ओलाव्याकडे देत नाहींत. प्रस्तुत लेखकानेंही तेर येथील आपल्या घरीं हीच चूक केली. बांधावरील बाभळीच्या फळ्या कापून आणल्या त्याच महिन्यांत ठोकल्या. पहिला उन्हाळा सरण्यापूर्वींच फटींतून ज्वारी खालीं गळूं लागली. सर्व फळ्या उचकटून पुन्हां बसवाव्या लागल्या व मजुरी दुप्पट पडली.

याचें कारण असें कीं, लांकडांतील ओलावा सुमारें ३० टक्क्यांच्या खालीं उतरला म्हणजे तें आकसूं लागतें. हें आकसणें लांबींत नगण्य, पण रुंदींत पुष्कळ असतें. तसेंच फळीच्या टोकांतून पाणी फार लवकर निघून जातें, म्हणून चिरा प्रथम तेथेंच पडतात. संत गोरोबाकाकांच्या तेर गांवास हें नवें नाहीं. कच्चें मडकें कडक उन्हांत ठेविलें तर तडकतें, सावलींत ठेविलें तर टिकतें. लांकडाचेंही तसेंच आहे.

कृति येणेंप्रमाणें करावी :

१. झाड थंडीच्या दिवसांत तोडून लगेच फळ्या कापून घ्याव्या. रुंदी व जाडी थोडी जास्त ठेवावी. बाहेरचें पांढरट लांकूड काढून टाकावें, कारण त्यांत भुंगा लवकर शिरतो. दोन्ही टोकांस डांबर फांसावें.

२. हवेशीर छपराखालीं, जमिनीपासून एक ते दीड फूट उंचीवर थप्पी रचावी. दोन थरांमध्यें इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर घालाव्या. खालवरच्या पट्ट्या एका ओळंब्यांत असाव्या, नाहीं तर फळ्या वांकतात. वर जड दगड ठेवावे.

३. इंचभर जाडीस एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. आपल्या कोरड्या हवेंत याहून कमी काळ पुरतो, म्हणून दिवस मोजण्यापेक्षां वजन पाहणें बरें. खुणेच्या दोन फळ्या दर पंधरा दिवसांनीं तोलाव्या. कोरड्या ऋतूंत वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे फळ्या तयार झाल्या असें समजावें. पावसाळ्यांतील वजनावर विसंबूं नये.

४. तयार फळ्या त्याच माडींत तीन-चार आठवडे ठेवाव्या. मगच रंधा मारून एकीची जीभ दुसरीच्या खांचेंत बसेल अशा जोडाव्या. पावसाळ्यांत त्या थोड्या फुगतात, म्हणून भिंतीलगत बोटभर जागा सोडावी.

माडी वर्षभर उशिरां झाली तरी बिघडत नाहीं. घाईनें केलेल्या माडीची किंमत मात्र दोनदां मोजावी लागते.