देवनारचा धूर कोठे गेला?

मुलांनो, घाटकोपरहून मानखुर्दकडे जोडरस्त्याने जाताना डाव्या हाताला शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या लागतात. त्यांच्या मागे, ठाणे खाडीच्या काठी, देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे. 1927 पासून मुंबईचा कचरा येथे पडत आला. सुमारे 132 हेक्टर जागेवर त्याचे डोंगर झाले.

जानेवारी 2016 च्या शेवटच्या आठवड्यात या कचऱ्याला मोठी आग लागली. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो. त्यामुळे वरच्या ज्वाळा विझल्या तरी आग आत धुमसत राहते. कित्येक दिवस धूर निघत होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. सुट्टी मिळाली खरी, पण बाहेर खेळणार कसे? श्वास घेणेच कठीण झाले होते.

हा धूर अवकाशातूनही दिसला. अमेरिकेच्या नासा या संस्थेने उपग्रहाने टिपलेले त्याचे चित्र प्रसिद्ध केले. उर्दूत आपण ज्याला 'मसनूई सय्यारा' म्हणतो, तोच हा कृत्रिम उपग्रह.

अशा चित्रात धूर कसा ओळखावा? ढग पांढरेशुभ्र दिसतात. धूर करडा, थोडा निळसर असतो. त्याचा पट्टा एका टोकाला निमुळता असतो. तेथे आग आहे असे समजावे. पट्टा जिकडे रुंदावत जातो, तिकडे वारा वाहत असतो.

परंतु एकाच चित्रावरून धुराचा माग लागत नाही, कारण मुंबईचा वारा दिवसात दिशा बदलतो. हिवाळ्यात पहाटे जमीन समुद्रापेक्षा थंड असते. तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि देवनारचा धूर चेंबूर, शीवकडे सरकतो. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे येतात, आणि तोच धूर खाडी ओलांडून नवी मुंबईकडे वळतो. म्हणून सकाळचे व दुपारचे चित्र शेजारी ठेवून पाहावे लागते. 2016 मध्ये नासाचा टेरा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास, तर अक्वा दुपारी दीडच्या सुमारास वरून जात असे. भारताचा इन्सॅट-3डी सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून दर अर्ध्या तासाला चित्र पाठवी. पण एवढ्या उंचीवरून देवनार म्हणजे जेमतेम एक-दोन ठिपके!

शिवाय उपग्रह वरून पाहतो. धूर आकाशात उंच आहे की आपल्या नाकाशी, हे साध्या चित्रावरून कळत नाही. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत थंड हवा असते व तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूर खालीच कोंडतो. त्यासाठी हवा मोजणारी यंत्रे जमिनीवरही लागतात. गल्लीतल्या खोकणाऱ्या दादीला मात्र यंत्राची गरज नसते.

उद्या सकाळी सात वाजता वाळत घातलेली ओढणी कोणत्या दिशेला उडते ते पाहा व वहीत लिहा. दुपारी तीन वाजता पुन्हा पाहा. मग मुंबईच्या नकाशावर देवनारपासून त्या दिशांना दोन बाण काढा आणि प्रत्येक बाणाच्या वाटेत कोणकोणत्या वस्त्या येतात त्यांची नावे लिहा.