पप्पांचे आजारपण आणि मुलांचा वाटा



हृदयविकार हा केवळ साठीनंतरचा आजार राहिलेला नाही. आपल्या देशात चाळिशी-पंचेचाळिशीतल्या माणसांनाही तो गाठतो. त्या वयात घरातली मुले आठवी ते बारावीत असतात. पप्पा आय.सी.यू.मध्ये आणि मुलगी बोर्डाच्या परीक्षेला, असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. अशा वेळी पेशंटची विचारपूस सगळेच करतात. मुलांना मात्र 'तू अभ्यासाकडे लक्ष दे' एवढेच सांगितले जाते. आज आपण या मुलांचा विचार करू.

१. कारण आणि निमित्त

अशा मुलांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. मुलगा मनात म्हणत असतो, 'आदल्या रात्री मी मोबाइलवरून पप्पांशी भांडलो, म्हणून त्यांना अटॅक आला.' तो हे कोणाला बोलून दाखवत नाही. त्यात 'त्यांना त्रास देऊ नकोस, पुन्हा काही झाले तर?' असे मोठी माणसे म्हणतात आणि त्याची खात्रीच पटते.

तत्त्वज्ञानात कारण आणि निमित्त यांत भेद करतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत चरबीचा थर साचायला अनेक वर्षे लागतात. तंबाखू-सिगारेट, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि घराण्यातून आलेला वारसा ही त्याची कारणे. एके दिवशी हा थर फाटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. रागाचा झटका किंवा अतिश्रम हे फार तर निमित्त. एका रात्रीच्या भांडणाने धमनी भरत नाही. हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. 'हे तुझ्यामुळे झालेले नाही,' असे पप्पांनी स्वतः म्हटले, तर मुलाच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल.

२. खरे सांगावे, झेपेल तेवढे

मोठी माणसे स्वयंपाकघरात कुजबुजतात आणि मुले आली की गप्प होतात. मग मुले नसलेलेही कल्पून घेतात. आजाराचे नाव, उपचार, पप्पा किती दिवस घरी राहतील, पैशांची सोय कशी होणार, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला समजते. अँजिओप्लास्टी म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून अडलेली धमनी उघडणे, एवढे सांगितले तरी त्याची भीती कमी होते. 'काही होणार नाही' असे वचन देऊ नये, ते आपल्या हातात नाही. 'जे कळेल ते तुला सांगू' हे वचन आपण पाळू शकतो.

फादर तेल घेऊन घरी आले की मुले घाबरतात. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले आहे. मोठ्या ऑपरेशनपूर्वीही हा संस्कार घेता येतो. मुलांना हे आधी समजावून सांगावे आणि प्रार्थनेला जवळ उभे करावे.

३. काम द्यावे, पहारा नको

मुलांना खरे काम द्यावे. आईबरोबर औषधांचा डबा भरणे, पप्पांसोबत संध्याकाळी चालायला जाणे. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नसतात, हे त्यांनाही ठाऊक असावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधी नुसता दम लागतो, हेही सांगावे.

पण रात्री उठून पप्पांचा श्वास पाहणे हे मुलांचे काम नव्हे. 'आता तूच घरातला कर्ता' हे वाक्यही सोळा वर्षांच्या खांद्यांना जड आहे. अटॅकनंतर पुष्कळ पेशंट उदास किंवा चिडचिडे होतात. तो आजारपणाचा भाग आहे, हे मुलांना सांगावे. आणि मुलगा उद्धट झाला, झोपेनासा झाला, मार्क घसरले, तर रागावण्याआधी त्याला भीती वाटते आहे का ते पाहावे. बरेच दिवस तसेच चालले, तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हा आजार झाला असेल, तर मुलांनाही धोका अधिक असतो. त्यांची तपासणी केव्हा करावी ते डॉक्टरांना विचारावे. तंबाखूपासून दूर राहणे आणि खेळणे आजच सुरू करता येते.

शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामानेही पेशंटसाठी फळे नेताना मुलांच्या डब्याची आणि क्लासला ने-आण करण्याची चौकशी करावी.

कुटुंबात बोलण्यासाठी

- आपल्या घरात आजारपणाविषयी मुलांसमोर काय बोलले जात नाही? का?
- पप्पा किंवा मम्मी आजारी पडल्यास मुलांना कोण सांगेल, आणि ती कोणाकडे राहतील?
- अचानक त्रास झाल्यास काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का?